मागून काही येत नाही

फ्रान्समध्ये मला सायकलवरून पहिल्यांदा पाडलं ते एका आजींनी. त्यांचा धक्का वगैरे काही लागला नव्हता. त्या मागून आल्या, छोटीशी घंटी वाजवली आणि 'बोंजूर' म्हणाल्या. एवढ्यावर मी हँडल उजवीकडे वळवलं आणि झुडपात गेले. रस्ता चांगला तीन मीटर रुंद होता, आजी डावीकडून अगदी हळू येत होत्या आणि त्यांच्या ई-बाइकच्या बास्केटमध्ये पावाची लांब लादी होती. अपघाताला कारण म्हणावं असं काहीच नव्हतं.

आजी थांबल्या. सत्तरीच्या तरी असतील. माझ्या कोपरावरचे काटे बघून त्यांनी दहा वेळा माफी मागितली आणि मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये दहा वेळा सांगितलं की चूक तुमची नाही, पुण्याजवळच्या एका टेम्पोची आहे. त्यांना ते कळलं नसावं. कळण्यासारखं नव्हतंच.

टेम्पोचं आधी सांगून टाकते. डिसेंबर 2021, पौड रस्ता, पहाटेचे सहा. आम्ही चौघं दर रविवारी जायचो. त्या दिवशी मी सगळ्यात मागे होते. मागचा लाल दिवा चालू, अंगात पिवळंधमक जॅकेट, रस्त्याच्या अगदी कडेला. मला तो टेम्पो दिसलाच नाही, फक्त ऐकू आला. आवाज जवळ येत गेला आणि दूर जायलाच विसरला. कॉलरबोन, मनगट आणि दोन बरगड्या. टेम्पो थांबला नाही. नवव्या दिवशी मी हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा पार्किंगमधल्या खांबाला सायकलची साखळी तेवढी अडकवलेली होती. बाबांनी सायकल विकून टाकली होती. सातवीत असताना कॅरिअर धरून पळत पळत मला सायकल शिकवली ती याच बाबांनी. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. ती साखळी मात्र बरेच महिने तिथेच होती.

हाडं जुळली. भीती राहिली, पण ती मला वाटलं होतं तिथे नव्हती. पायात नव्हती, हातात नव्हती, ती कानात जाऊन बसली होती. मागून येणारा कुठलाही आवाज आला की मान आपोआप वळायची, आणि मान वळली की सायकलही त्याच बाजूला वळते, हे चालवणाऱ्यांना माहीत आहे. नोकरीसाठी लिऑनला आले. तिथे सायकलसाठी वेगळ्या पट्ट्या आहेत, सिग्नल आहेत. गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं, गावात एक मीटर, असा कायदासुद्धा आहे. मला तो तोंडपाठ होता. पण कानाला कायदा वाचता येत नाही. शहरात दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सायकल हातात धरून चालत घरी आले.

मग ऑफिसमधल्या एकाने जेवताना सहज सांगितलं, की तुला गाड्या नको असतील तर आर्देशला जा, दोल्चे व्हियावर. तिथे सोबतीला नदी असते आणि शेळ्या असतात.

आर्देश हा रोन नदीच्या पश्चिमेचा डोंगराळ जिल्हा. लिऑनहून लोकल गाडीने वालाँसला उतरायचं आणि तिथून नदीकाठच्या सायकलमार्गाने वीसेक किलोमीटर दक्षिणेला ला वूल्त या गावी यायचं. दोल्चे व्हिया तिथून सुरू होते. नावाचा अर्थ 'गोड वाट'. नाव जरा पर्यटन खात्याच्या चवीचं आहे, पण वाट खरीच तशी आहे. एरियू नावाच्या नदीचा हात धरून ती डोंगरात शिरते, पंचेचाळीसेक किलोमीटरवर ल शेलार हे गाव येतं आणि तिथून तिला दोन फाटे फुटतात. एक लामास्त्रला जातो, दुसरा वर चढत चढत सँत-आग्रेव्हला, 1050 मीटर उंचीवर. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. गाड्यांना बंदी. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत 2004 पासून अशा वाटांना 'हिरवी वाट' असा वेगळा दर्जा आहे. तिच्यावर फक्त पायी चालणारे आणि सायकलवाले, काही ठिकाणी घोडे.

डांबर जवळपास नाही. दाबून बसवलेली बारीक खडी आणि वाळू. म्हणून ग्रॅव्हल बाइक. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: दिसायला रेसिंगच्या सायकलसारखी, हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर जाड. माझे 40 मिलिमीटरचे आहेत. कोणी विकायला काढलेली सायकल मी उचलली आणि खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. बाबांचा व्हिडिओ कॉल आला की आधी ती कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवायची. सत्ताविसाव्या वर्षी बापापासून लपवायला माझ्याकडे सायकल होती. मैत्रिणी हसल्या.

खऱ्या ग्रॅव्हलवाल्यांना दोल्चे व्हिया बालवाडी वाटते. साधी हायब्रिड सायकलसुद्धा तिथे आरामात चालते. पण मला बालवाडीच हवी होती.

पहिल्या दिवशी, झुडपाच्या आधीच्या दोन तासांत, माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे चढ. म्हणजे चढाचं नसणं. दोन्ही बाजूंना डोंगर उभे, नदी खाली दगडांतून उड्या मारते आहे आणि मी मात्र जवळपास सपाटीवर असल्यासारखी चालले आहे. कारण ही वाट माणसांसाठी आखलेलीच नव्हती, ती इंजिनासाठी आखली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या खोऱ्यात मीटर गेजची रेल्वे आली, पुढच्या शतकाच्या सुरुवातीला वर पठाराला जाऊन भिडली. लोखंडी रुळावर लोखंडी चाक. चढ जरा वाढला की ते घसरतं. त्यामुळे रेल्वे मोठी घाबरट असते. ती डोंगराला कधी सरळ भिडत नाही, वळसा घालते, ओढा आला की दगडी कमानींचा पूल टाकते, कडा आला की बोगदा. अगदी वरच्या टप्प्यातही चढ दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका घाबरट यंत्रासाठी इतकी मेहनत घेतलेली होती, तिचा फायदा आता मला मिळत होता.

दुसरी गोष्ट आवाजाची. तिथे शांतता असेल अशी माझी कल्पना होती. नसते. नदीच्या पलीकडून डी-120 हा मुख्य रस्ता जातो आणि रविवारी त्यावर मोटरसायकलींच्या झुंडी येतात. सुरुवातीला प्रत्येक आवाजाला माझी मान वळत होती. पण तो आवाज नेहमी नदीपलीकडेच राहायचा. जवळ यायचा, मोठा व्हायचा आणि मग निघून जायचा, कारण मध्ये पाणी होतं. हे शंभर वेळा झालं. मला वाटतं, डॉक्टरांनी मुद्दाम आखलं असतं तरी इतकं बरोबर जमलं नसतं. आवाज येतो आणि काही होत नाही. येतो आणि काही होत नाही. लेझोलिएर गावापर्यंत माझी मान थोडी सैल झाली होती. आणि त्यानंतर आजी आल्या.

तर आजी. त्यांनी मला वाटेकडेच्या बाकावर बसवलं, लादीचा तुकडा मोडून दिला, सोबत शेळीच्या दुधाचं पिकोदों चीज. हे चीज छोट्या चकतीएवढं असतं आणि वासाने आधी ओळख करून देतं. मी म्हटलं, काय सुंदर जंगल आहे तुमचं. समोर नदीपलीकडे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा होता. पाइन, ओक, चेस्टनट, मध्येच पिवळी फुलं आलेली झुडपं. आजींनी तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे जंगल माझ्यापेक्षा लहान आहे."

मग त्यांनी बोट दाखवून मला बघायला शिकवलं. झाडांच्या आत, नीट पाहिलं तर, आडव्या रेघा होत्या. दगडी बांध. एकावर एक, पायऱ्यांसारखे, चुना-सिमेंटशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले. एकेका पायरीवर हात-दोन हात माती. त्या मातीत राय, बटाटा, द्राक्षं, तुती, खालच्या खोऱ्यात पीच. आजींच्या आजोबांची पीचची बाग होती आणि फळं याच गाडीने खाली जायची. आता बांध कोसळतात, कोणी परत रचत नाही आणि बियांना कोणाला विचारावं लागत नाही.

नंतर घरी येऊन मी वाचलं. 1861 साली आर्देशची लोकसंख्या सुमारे 3 लाख 88 हजार होती. 1962 साली ती सुमारे 2 लाख 48 हजार. म्हणजे दर तीन माणसांतलं एक माणूस कमी. रेशमाच्या किड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रोग पडला, ज्यावर लुई पाश्चरने शेजारच्या भागात राहून काही वर्षं काम केलं. द्राक्षवेलींना कीड लागली, महायुद्धांत तरुण गेले, उरलेले लिऑनच्या आणि सँत-एतिएनच्या कारखान्यांत गेले. 1968 च्या शरद ऋतूत ही रेल्वे बंद झाली. 1973 मध्ये रोनच्या या काठावरची प्रवासी गाडीही थांबली आणि पुढे कित्येक दशकं आर्देश हा मुख्य भूमीवरचा एकही प्रवासी रेल्वे नसलेला फ्रेंच जिल्हा म्हणून ओळखला गेला. आज लोकसंख्या पुन्हा वाढली आहे, पण गाडीशिवाय, म्हणजे स्वतःच्या चारचाकीशिवाय, तिथे डॉक्टरकडेही जाता येत नाही, असं आजी म्हणाल्या. त्या ई-बाइक चालवत होत्या ती व्यायामाची हौस म्हणून नाही, डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं म्हणून.

इथे मला जरा अडायला झालं. मी ज्याला वाहनमुक्त म्हणत होते ते आधी माणसांनी मोकळं केलेलं होतं. मला बरं वाटावं म्हणून कोणी ही शांतता तयार केलेली नव्हती. इथून कोणाची तरी मुलं निघून गेली, त्यांच्यामागे गाडी बंद पडली, रूळ उचलले गेले, मग खूप वर्षांनी तिथे खडी अंथरली गेली आणि त्या खडीवर दुसऱ्या देशातून निघून आलेली एक मुलगी आपली मान मोकळी करत होती. हे चूक आहे असं मला म्हणायचं नाही. पण माहितीपत्रकातल्या 'अस्पर्श निसर्ग' या शब्दावर तेव्हापासून माझा विश्वास नाही. त्या डोंगरावर हाताचा स्पर्श झाला नाही अशी एक वीत जागा नसेल.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले. तेव्हा वाटेवर चेस्टनटचा सडा असतो. काटेरी हिरव्या गोळ्यातून तपकिरी फळं बाहेर डोकावत असतात, टायरखाली फुटतात आणि आपण पंक्चर झालो असं दर दहा मिनिटांनी वाटतं. फ्रान्समधल्या चेस्टनटपैकी जवळपास निम्मे एकट्या आर्देशमधून येतात. प्रिवा गावच्या कारखान्यातली चेस्टनटची गोड पेस्ट एकोणिसाव्या शतकापासून डब्यात मिळते, आणि पोळीला लावून अप्रतिम लागते. हे फ्रेंच माणसाला सांगू नये.

ऑक्टोबरात आणखी एक असतं: शिकार. रानडुकरांचा सुळसुळाट आहे, कारण जंगल वाढलं आहे. वाटेवर पाटी दिसते, 'शिकार चालू', आणि थोडं पुढे नारिंगी जॅकेट घातलेले काका बंदूक मांडीवर घेऊन घडीच्या खुर्चीत बसलेले. मीही तशीच नारिंगी टोपी घालून गेले होते. बंदुकीचा बार झाला तेव्हा मी दचकले, पण झुडपात गेले नाही. बार पुढून आला होता. मागून आला असता तर काय झालं असतं, माहीत नाही.

त्याच फेरीत मला वळणरस्ता लागला. या भागात शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून ढग येतात, सेव्हेन डोंगररांगेला धडकतात आणि एकेका दिवसात इतकं कोसळतात की सह्याद्रीतल्या माणसालाही मान डोलवावी लागते. वाटेवर दरड आली होती. लाल-पांढरा अडसर, त्यावर बाण: दोन किलोमीटर मुख्य रस्त्याने जा. तोच डी-120.

मी अडसरापाशी बराच वेळ उभी राहिले. दोन किलोमीटर म्हणजे सात-आठ मिनिटं. दिवस स्वच्छ, रस्ता सुका, पाच मिनिटांत तीन गाड्या गेल्या, तिन्ही सावकाश. एक जोडपं आलं, मागे मुलाची ढकलगाडी जोडलेली, बाण बघितला आणि सरळ रस्त्याला लागलं. मला लाज वाटली. मग मी सायकलवरून उतरून, डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून दोन किलोमीटर चालले. ग्रॅव्हलचे बूट खाली खिळ्यांचे असतात, डांबरावर टकटक वाजतात. पस्तीस मिनिटं लागली. त्या दिवशी भीतीवर मात केली असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी चालत गेले.

पुढच्या जूनमध्ये ल शेलारहून सँत-आग्रेव्ह. हा टप्पा राखून ठेवला होता. तीसेक किलोमीटरमध्ये सहाशे मीटर चढ. आकडा मोठा वाटतो, पण पुन्हा तेच, इंजिनाचा चढ. एकदा दम पकडला की तो संपेपर्यंत तसाच राहतो. सँ-मार्तँ-द-वालामासनंतर खोरं अरुंद होतं आणि वाट वळशांत पडते. आपण आत्ता जिथून आलो ती वाट पंधरा मिनिटांनी खाली दरीपलीकडे दिसते. चेस्टनट मागे राहतात, बीच आणि पाइन सुरू होतात. हवा बदलते. बोगद्यात शिरलं की आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा परत येतो.

एका बोगद्यात मागून टायरचा आवाज आला. खडीवर चालणारा टायर कुरकुर करतो, पापड मोडल्यासारखा. बोगद्यात तो दसपट होतो. मी मान वळवली नाही. हे मी ठरवून केलं नाही, ते झालं आणि बाहेर उजेडात आल्यावर कळलं. दोन पोरं होती, दहा-बारा वर्षांची, शर्यत लावून गेली. 'बोंजूर मादाम' म्हणाली. मादाम हा शब्द मला जरा लागला.

वर पठारावर पिवळ्या फुलांची झुडपं फुलली होती आणि दूरवर मेझांक डोंगर दिसत होता, 1753 मीटरचा. ही रेल्वे सँत-आग्रेव्हला संपत नव्हती. पुढे ल शाँबों गावावरून उत्तरेला जायची. दुसऱ्या महायुद्धात त्या पठारावरच्या घरांनी, शाळांनी आणि शेतांनी हजारो ज्यूंना लपवलं. त्यातले पुष्कळ, विशेषतः मुलं, याच छोट्या गाडीतून वर आली. तिकडे तिला 'गालोश' म्हणायचे, म्हणजे लाकडी तळव्याचा बूट. मी गावातल्या बाकावर बसून तेच चीज खात होते आणि डोळ्यासमोर सारखं येत होतं की जी वाट मी निवांत फुलं बघत चढले, तीच कोणीतरी खिडकीतून मागे बघत बघत चढलं असेल.

तिथूनच मी बाबांना फोन केला. नुसता आवाजाचा, व्हिडिओ नाही. पण काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणून गाडीपासून सुरुवात केली. बाबा मूळचे बार्शीचे. बार्शी लाइट रेल्वे, 1897 साली सुरू झालेली, अडीच फुटी नॅरो गेज. ती ब्रॉडगेज होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात अजूनही तिची शपथ घेतली जाते. चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या शेंगा उपटायच्या आणि पळत जाऊन मागचा डबा पकडायचा, ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे.

"बाबा, इथे एक बंद पडलेली रेल्वे आहे. डोंगरात चढणारी."

"गेज किती?"

"मीटर."

"मीटर म्हणजे आमच्यापेक्षा रुंद. आणि रूळ?"

"काढले. 1968 ला बंद झाली. आता नुसती वाट आहे."

"पूल आहेत का शाबूत?"

"आहेत. सगळे दगडी. बोगदेपण आहेत."

"अरे वा." मग जरा थांबून, "किती लांब?"

"मी आज तीस किलोमीटर आले. सगळा चढ."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली.

"चालत?"

"नाही."

आईचा आवाज येत होता मागे, कुकरचा येत होता. बाबा बहुतेक गॅलरीत गेले, कारण कुकर बंद झाला आणि रिक्षा ऐकू यायला लागल्या.

"हँडलला आरसा लावलायस का?"

"बाबा, इथे मागून काही येत नाही."

"हं," बाबा म्हणाले. "तरी लाव."